खिशातला चाकू: पातं आधी, स्टील शेवटी

खिशात बाळगायचा लहान चाकू घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "स्टील कुठलं?" खरं तर हा शेवटी विचारायचा प्रश्न. पात्यावर स्टीलचं नाव छापलेलं असतं, म्हणून सगळी चर्चा त्या नावाभोवती फिरते. धारेच्या लगेच वर पातं किती जाड आहे आणि त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक कसं केलंय, हे कुठंच छापलेलं नसतं. चाकू कापतो की नुसता चेपतो, हे मात्र त्यावरच ठरतं. महागड्या स्टीलचं जाड पातं टोमॅटो चिरडतं, आणि हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याला नीट धार लावली तर तो चामडं दिवसभर कापतो.

आधी काम बघू. कोल्हापुरात अशा चाकूच्या वाट्याला येतं ते असं: पार्सलची दोरी आणि चिकटपट्टी, शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पॅकिंगची प्लास्टिक पट्टी, खताच्या नाहीतर सिमेंटच्या पोत्याची शिलाई, रानात ठिबकची १६ मिलिमीटरची लॅटरल, वायरवरचं आवरण, आणि मिसळीच्या ताटाला अर्धं लिंबू. ऊस तोडायला कोयता आहे, कांद्याला विळी आहे, चामड्याला रापी आहे. त्यांची जागा खिशातल्या चाकूनं घ्यायची नाही. म्हणून पातं ६ ते ८ सेंटिमीटर पुरतं. सहाच्या खाली गेलं तर पेरू एका दमात अर्धा होत नाही. आठच्या वर गेलं की खिसा ओघळतो आणि चारचौघांत चाकू काढायचा संकोच वाटतो.

आकार म्हणजे टोक कुठं आहे

पात्याच्या आकारांची नावं भरपूर आहेत. बघायच्या गोष्टी दोनच. टोक धारेच्या रेषेत आहे की वर उचललेलं आहे, आणि धार सरळ आहे की तिला पोट, म्हणजे बाहेरचा फुगवटा, आहे.

सगळ्यात जास्त दिसतो तो ड्रॉप पॉइंट. यात पाठ टोकाकडे हळूहळू खाली उतरते, टोक साधारण मध्यावर येतं आणि त्याच्या मागं पुरेसं लोखंड राहतं. धारेला थोडं पोट असतं, म्हणून फळ सोलायला, पाटावर भाजी चिरायला बरं पडतं. एकच चाकू घ्यायचा आणि काम रोज बदलतंय, तर डोळे झाकून हाच घ्यावा.

क्लिप पॉइंटमध्ये पाठीचा टोकाकडचा भाग कापून काढल्यासारखा असतो. त्यामुळे टोक बारीक होतं, पोत्याच्या शिलाईत सहज शिरतं, आंब्याचा काळा डाग उचलून काढतं. पण तेच टोक स्क्रू फिरवायला नाहीतर डब्याचं झाकण उचकटायला वापरलं की पहिल्या आठवड्यात मोडतं. चाकूचं टोक आडव्या जोरासाठी नसतंच. बारीक टोकाच्या बाबतीत हे लवकर कळतं, एवढंच.

शीप्सफूट या आकाराकडे आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही, आणि गोदामात किंवा दुकानात काम करणाऱ्याला मात्र तोच सगळ्यात उपयोगी. धार अगदी सरळ, आणि पाठ शेवटी वळून खाली धारेला मिळते. टोक धारेच्याच रेषेत राहतं. याचा फायदा ओढून कापताना कळतो. पोट असलेल्या पात्यावर दोरी टोकाकडे सरकत जाते आणि शेवटी निसटते, सरळ धारेवर ती शेवटपर्यंत धरून राहते. खोकं उघडताना टोक आतल्या मालात घुसत नाही. हात घसरला तरी भोसकलं जायचा धोका कमी. शिवाय दगडावर धार लावताना वळण सांभाळायचं नसल्यानं नवशिक्यालाही जमतं. याचाच भाऊ व्हार्नक्लिफ. त्याची पाठ मुठीपासूनच उतरायला लागते, म्हणून टोक जास्त बारीक आणि नाजूक. दोन्हींची उणीव एकच: पोट नसल्यानं पाटावर डोलवत चिरता येत नाही आणि भाकरीवर लोणी पसरायला गैरसोय होते.

आत वळलेलं, चोचीसारखं हॉकबिल पातं ठिबकच्या नळ्या, केबल, वेली यांना चांगलं. नळी त्या वळणात अडकते आणि ओढली की तुटते. विळ्यामागचं तत्त्व हेच. पण सपाट दगडावर त्याला धार लागत नाही, गोल दांडी लागते. बाकी कामाला ते अडचणीचंच. टांटो, म्हणजे दोन सरळ धारा कोनात जोडलेलं पातं, फोटोत नाद खुळा दिसतं. रोजच्या कामात त्या कोनामुळं दोन वेगवेगळ्या धारा सांभाळायचा उद्योग मागं लागतो. दातेरी धार नायलॉनच्या दोराला उत्तम, पण ती बोथट झाली की घरी परत लावणं कटकटीचं.

जाडी: इथं पैसे वाचतात किंवा वाया जातात

पातं ही पाचर आहे. धार पहिला मिलिमीटर कापते, पुढं सगळं काम पाचरीचं. लिंबू मऊ असतं, बाजूला सरकतं. गाजर सरकत नाही. म्हणून परीक्षा गाजराची. चिरताना 'कट्' आवाज करून तुकडा फुटला, तर पातं जाड आहे, त्यानं कापलं नाही तर फोडलं. आवाज न होता पातं खाली गेलं, तर भूमिती बरोबर आहे.

पाठीशी २ ते २.५ मिलिमीटर जाडी या आकाराला उत्तम. ३ चालून जाते. ४ मिलिमीटरचं पातं म्हणजे धार लावलेली पहार. त्याहून महत्त्वाचं माप धारेचा उतार जिथं संपतो त्याच्या लगेच वरचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये व्हर्नियर सापडतो. त्याचे जबडे त्या जागी अलगद टेकवा. ०.३ मिलिमीटर भरलं तर चाकू सुरेख कापणार, मात्र तारेवर चालवला तर धारेचे तुकडे उडतील. ०.५ म्हणजे रोजच्या वापराला सुरक्षित मध्यम. ०.८ किंवा जास्त असेल तर स्टील कुठलंही असो, गाजर फुटणारच.

पाठीपासून धारेपर्यंत सलग सपाट उतार असेल तर हे माप सहसा चांगलं मिळतं. उतार पात्याच्या अर्ध्यातून सुरू होत असेल तर पातं मजबूत दिसतं, पण कापायला जड जातं. आतून खोलगट घासलेलं पातं सुरुवातीला वस्तऱ्यासारखं चालतं, खोल कापात जाऊन अडकतं.

अजून एक. दर वेळी धार लावताना धार थोडी मागं सरकते, म्हणजे पात्याच्या जाड भागाकडे जाते. चार-पाच वर्षांनी लोक म्हणतात, "पूर्वीसारखी धार बसत नाही." स्टील थकलेलं नसतं. पातं जाड झालेलं असतं. उपाय म्हणजे धारेच्या वरचा भाग दगडावर जवळजवळ आडवा घासून पातळ करणं. कंटाळवाणं काम आहे, अर्धा तास जातो, पण चाकू परत नवा होतो.

स्टीलमध्ये काय असतं

लोखंडात कार्बन मिसळला आणि लाल करून झटकन थंड केलं की ते कडक होतं. साधारण ०.६ टक्के कार्बनपर्यंत कडकपणा झपाट्यानं वाढतो. त्यापुढचा बराचसा कार्बन कार्बाइड नावाचे बारीक, अतिशय कठीण कण बनवतो. हे कण घर्षणाला दाद देत नाहीत, म्हणून धार जास्त टिकते. पण तेच कण मोठे असले तर बारीक धारेतून खड्यासारखे निसटतात. क्रोमियम गंज रोखतं, अट एवढीच की ते मोकळं असलं पाहिजे. कार्बाइडमध्ये अडकलेलं क्रोमियम गंजाच्या कामाचं नाही.

हा शेवटचा मुद्दा डी२ या स्टीलवरून चटकन कळतो. यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास, पण कार्बनही दीड टक्का. त्यामुळं बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये जातं आणि डी२ला ओलाव्यात गंजाचे ठिपके पडतात. उलट १४सी२८एन मध्ये क्रोमियम १४ टक्के, कार्बन ०.६२ आणि जोडीला थोडा नायट्रोजन. कार्बाइड कमी आणि बारीक, क्रोमियम बहुतेक मोकळं. ते गंजत नाही म्हटलं तरी चालेल, धार वस्तऱ्याइतकी बारीक घेतं, आणि साध्या दगडावर लागतं. हे स्टील बनवणाऱ्या सँडविक कंपनीची पोलादशाखा २०२२पासून अलिमा या नावानं चालते, त्यामुळं नवीन मालावर दोन्हींपैकी कुठलंही नाव दिसू शकतं. रोजच्या चाकूसाठी किंमत आणि गुण यांचा मेळ बघितला तर आमची पसंती हीच.

त्याच वर्गात १२सी२७ आणि ८सीआर१३एमओव्ही धरा. व्हिक्टोरिनॉक्सचं स्टील जरा मऊ, ५६ एचआरसीच्या (कडकपणाचं रॉकवेल माप) आसपास. धार लवकर जाते, पण चार घासांत परत येते. रोज दोन मिनिटं द्यायची तयारी असेल तर हा सौदा वाईट नाही. पात्यावर नुसतं 'स्टेनलेस' लिहिलंय आणि नाव नाही, तर कार्बन ०.३-०.४ टक्क्याचं मऊ स्टील समजून चाला.

वरच्या वर्गात व्हीजी-१०, एस३५व्हीएन आणि २०२१ साली बाजारात आलेलं मॅग्नाकट. मॅग्नाकट हे धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी खास चाकूंसाठी बेतलेलं स्टील. त्यात पाणी दिल्यावर क्रोमियमचे कार्बाइड उरतच नाहीत, व्हॅनेडियम आणि नायोबियमचे बारीक कण काम करतात आणि क्रोमियम गंजासाठी मोकळं राहतं. पण घेण्यापूर्वी घरात दगड कुठला आहे ते बघा. कडक केलेलं पोलाद कडकपणाच्या व्हिकर्स मोजमापात ७०० ते ८००, क्रोमियम कार्बाइड सुमारे १५००, कुरुंदाचा दगड सुमारे २१००, कार्बोरंडम २५००च्या आसपास, आणि व्हॅनेडियम कार्बाइड सुमारे २८००. म्हणजे या शेवटच्या कणांना साधा दगड कापू शकत नाही, त्यांच्या भोवतीचं लोखंड फक्त खरवडतो. एस३५व्हीएन किंवा मॅग्नाकट घेतलं तर डायमंड प्लेटचे पैसे त्यातच धरा.

आता पाऊस. जून ते सप्टेंबर गगनबावडा-राधानगरीकडे कपडेसुद्धा वाळत नाहीत, तिथं कार्बन स्टीलचा चाकू ओला ठेवला तर सकाळी पात्यावर तांबूस पावडर दिसते. साखर कारखान्याच्या, रसवंतीच्या कामात तर उसाच्या रसाचं आम्ल भर घालतं. अशा ठिकाणी स्टेनलेसच. कार्बन स्टीलची हौस असेल तर वापरल्यावर लगेच कोरडं पुसून खोबरेलाचा हात फिरवा. शेंगदाण्याचं तेल काही दिवसांत चिकट होतं, ते नको. घडीच्या सांध्यात शिलाई मशीनचं तेल, एकच थेंब.

चामड्याचं म्यान करून घेणार असाल तर एक खबरदारी. कोल्हापुरी चपलेचं पारंपरिक चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. म्यानाला ते मजबूत आणि देखणं, पण त्यातलं टॅनिन ओलाव्यासह लोखंडाला लागलं की पातं काळं पडतं. चाकू बाळगताना म्यानात, घरी आल्यावर बाहेर.

इथं बनवून घ्यायचा असेल तर

लोहाराकडून किंवा वर्कशॉपमधून चाकू करून घेणारे बरेच आहेत, आणि माल उद्यमनगराच्या भंगारातच मिळतो. बेअरिंगची रिंग साधारणपणे ईएन ३१, म्हणजे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम. लहान चाकूला उत्तम. ट्रकचा पाटा साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बनचा. तो चिवट, कोयत्याला जास्त शोभणारा, पण चाकूलाही चालतो. जुन्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात, पाणी दिल्यावर त्या उघडतात. शक्यतो न वापरलेला तुकडा घ्या.

पाणी देताना पातं चुंबकाला चिकटायचं थांबलं (सुमारे ७७० अंश सेल्सिअस) की अजून थोडं तापवायचं, ८२० ते ८५०पर्यंत, आणि ५०-६० अंशांच्या कोमट तेलात बुडवायचं. ईएन ३१ थेट पाण्यात बुडवलं तर 'टिक्' असा आवाज येतो. तो तडा गेल्याचा आवाज. धार आधीच कागदासारखी पातळ घासून ठेवू नका, ०.५ ते ०.८ मिलिमीटर जाडी राखा, नाहीतर पातं वाकतं. थंड झाल्यावर जुनी कानस धारेवरून ओढा. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर पाणी बसलं, चावली तर नाही. मग लगेच, त्याच दिवशी, २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा भाजायचं. घरातला ओटीजी पुरतो. साफ केलेल्या लोखंडावर फिकट गवती पिवळा रंग दिसला पाहिजे. निळा झाला तर स्प्रिंग तयार झाली, चाकू नाही.

स्टेनलेसची पट्टी मात्र भट्टीवर पाणी द्यायला देऊ नका. त्याला १०५० अंशांच्या आसपास मोजून काही मिनिटं धरावं लागतं, ते डोळ्यांच्या अंदाजानं होत नाही. हीट ट्रीटमेंटच्या युनिटमध्ये द्या आणि एचआरसी लिहून मागा, ५८ ते ६०.

पॉवर हॅक्सॉच्या ब्लेडपासून चाकू हा वर्कशॉपमधला आवडता प्रकार. पूर्ण हायस्पीड स्टीलचं ब्लेड आधीच कडक असतं आणि ५०० अंशांपर्यंत मऊ पडत नाही, म्हणून नुसतं ग्राइंडरवर घासून पातं तयार होतं. फसगत होते ती बायमेटल ब्लेडमध्ये. त्याची फक्त दातांची कड हायस्पीड स्टीलची असते, बाकी अंग साधं. दात घासून टाकले आणि धार पाठीकडून काढली, तर चाकू दोन दिवसांत बोथट. आणि पूर्ण कडक ब्लेड ठिसूळ असतं. फरशीवर पडलं तर दोन तुकडे.

धार

रोजच्या चाकूला दर बाजूनं १५ ते २० अंश. कोन मोजायला यंत्र नको. पात्याची रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या. १५ अंशांसाठी तिला ०.२६ने, २० अंशांसाठी ०.३४ने गुणा. पाठ दगडापासून तेवढी उचलायची. पातं २० मिलिमीटर रुंद असेल तर ५ ते ७ मिलिमीटर. तेवढ्या जाडीचा लाकडाचा तुकडा सुरुवातीला पाठीखाली ठेवून हाताला सवय लावता येते.

४०० ग्रिटच्या दगडावर (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) एक बाजू घासत राहा, दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीभर बर, म्हणजे धारेवर वळून आलेली बारीक कड, येईपर्यंत. अंगठा पाठीकडून धारेकडे, आडवा, अलगद सरकवला की ती खरखरीत कड लागते. धारेच्या लांबीनं बोट कधीही फिरवू नका. बर मुठीजवळ आली आणि टोकाशी नाही, तर टोकाशी धार लागलेली नाही. बहुतेकांची धार इथंच अर्धवट राहते. मग दुसरी बाजू, मग १००० ग्रिट, आणि शेवटी एक इकडून एक तिकडून असे दहा हलके हात. चामड्याच्या पट्टीवर हिरवं पॉलिश लावून पातं उलट्या दिशेनं, पाठ पुढं ठेवून, ओढलं की उरलेली बर निघते. बर तशीच राहिली तर चाकू पहिल्या कागदाला छान चालतो आणि दुसऱ्या पार्सलला बोथट होतो.

दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे द्यायचा तर उभं राहून सांगा, "मामा, पातं निळं होऊ देऊ नका, पाण्यात बुडवत घ्या." कोरड्या चाकावर पातळ धार क्षणात ३०० अंशांना जाते. निळी पडलेली कड मऊ झालेली असते, ती घासून काढण्याशिवाय इलाज नाही. याला अपवाद हायस्पीड स्टीलचा.

कायदा आणि काउंटर

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची, घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी नसलेली धारदार हत्यारं शस्त्रांच्या यादीत येतात. आपला ७ सेंटिमीटरचा चाकू त्या मापात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१च्या कलम ३७ खाली सणांच्या, मोर्चांच्या, निवडणुकीच्या काळात बंदी आदेश निघतात आणि त्यात सुरे-चाकू बाळगण्यालाही मनाई असते, तिथं पात्याची लांबी बघत नाहीत. आदेश लागू असताना चाकू दुकानात किंवा हत्यारांच्या पेटीत राहू द्या. बटण दाबताच उघडणारा प्रकार तर घेऊच नका. त्यानं काम जास्त होत नाही, चौकशी मात्र होते. विमानात चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाकायचा.

दुकानात चाकू पूर्ण उघडा आणि पातं बाजूला हलवून बघा. सांध्यात खेळ असेल तर स्क्रू आवळून परत बघा, तरीही हलला तर सोडून द्या. लॉक असेल तर उघड्या पात्याची पाठ लाकडी काउंटरवर हलकेच आपटा, बोटं घडीच्या वाटेतून बाजूला ठेवून. लॉक सुटता कामा नये. बंद केल्यावर टोक मुठीच्या एका बाजूला घासत नाही ना, ते वरून दिसतं. धार उजेडाकडे धरा. कडेवर चमकणारा ठिपका दिसला तर तिथं धार नाही. आणि बिलावर स्टीलचं नाव लिहून मागा. दुकानदार "इम्पोर्टेड स्टील" एवढंच लिहायला लागला, तर भाव त्याच हिशेबानं करा.